स्टेअरिंगचं तेल आणि पुराचं पाणी

गेल्या दिवाळीपासनं फेब्रुवारीपर्यंत आमच्या शेडात ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सेलखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलेला असायचा. आण्णांनी, म्हणजे वडलांनी ठेवलेला. सकाळी धारा काढून झाल्या की आण्णा आधी त्या डब्यात बघणार किती साठलंय, मग ते तेल फडक्यातनं गाळून परत स्टेअरिंगच्या टाकीत ओतणार आणि मगच च्या प्यायला येणार. मी किती वेळा म्हटलं आण्णा ते तेल परत घालू नका त्यात माती असती, पण थेंब थेंब गोळा झालेलं तेल मातीत ओतून द्यायचं हे त्यांच्या हातनं कधी व्हायचं नाही.

ट्रॅक्टर आमचा २००७ चा, ४७ एचपीचा. त्याच्या आधीच्या ट्रॅक्टरला साधं स्टेअरिंग होतं आणि भरणीच्या, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावायच्या दिवसात आण्णांचा खांदा रात्री वर उचलायचा नाही, बामनं चोळून झोपायचे, म्हणून हा घेताना पॉवर स्टेअरिंगचाच घ्यायचा हे आईनं ठरवलं होतं, पैसे जास्त गेले तरी चालतील म्हणाली. घरचा ऊस, भाऊबंदांचा ऊस, पल्टी नांगर, रोटर, सरी सोडणं, आणि हंगामात कारखान्याला दोन ट्रॉल्या, एवढं सगळं ह्या एका ट्रॅक्टरनं केलंय. त्यामुळं तो गळायला लागला की आमच्या घरात कुणाला चैन पडत नाही.

ज्यांनी पॉवर स्टेअरिंग कधी उघडून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साध्या स्टेअरिंगला दांडा असतो, गिअर असतात, म्हणजे हातातलं चक्र आणि पुढची चाकं लोखंडानंच जोडलेली असतात. आमच्या ट्रॅक्टरला हायड्रोस्टॅटिक आहे, त्यात तसली जोडणीच नाही. चक्राच्या खाली ऑर्बिट्रोल म्हणून एक भाग असतो, त्याला चार पाईप, एक पंपाकडनं येणारा, एक टाकीकडं परत जाणारा आणि दोन एक्सेलवरच्या सिलेंडरला, एक उजवीकडं वळायला एक डावीकडं. ऑर्बिट्रोलच्या आत सहा दातांचा एक तारा सात खाचांच्या रिंगणात फिरतो, तुम्ही चक्र जेवढं फिरवाल तेवढंच तेल तो मोजून सिलेंडरला देतो, आणि सिलेंडरचा रॉड पुढंमागं होऊन चाकं वळवतो. म्हणजे चक्र आणि चाकं ह्यांच्यामधी फक्त तेल आहे. इंजिन बंद पडलं तरी तो तारा हातपंपासारखा चालतो, चक्र दगडासारखं जड लागतं पण चाकं वळतात. टाकीतलं तेलच संपलं तर मात्र चक्र हातात नुसतं फिरत राहतं आणि चाकांना त्याचा पत्ताच नसतो.

हे मला पुस्तकातनं नाही, जानेवारीत कारखान्याच्या दारात कळलं.

त्या रात्री दोन्ही ट्रॉल्या भरून नंबराला, म्हणजे कारखान्याच्या रांगेत लावायला चाललो होतो, पावणेदोन वाजले असतील. आवाराकडं उजवीकडं वळायचं होतं. वळताना पंपानं रडल्यासारखा आवाज काढला, मी चक्र ओढलं तर ते एकदम हलकं झालं, आणि ट्रॅक्टर सरळच चालला. वेग नव्हता म्हणून ब्रेकवर थांबला, पण मागनं दोन ट्रॉल्यांचं ओझं ढकलत होतं, त्यामुळं थांबता थांबता पुढचं चाक रस्त्याच्या कडेला गेलं. तिथं ऊसतोडवाल्यांच्या बैलगाड्या उभ्या होत्या. सगळ्यात जवळच्या गाडीपासनं चाक दोन हातांवर थांबलं. त्या गाडीत पाचटावर गोधडी टाकून एक लहान पोर झोपलेलं होतं, त्याची आई पलीकडं चूल पेटवत होती. तिनं वर बघितलं आणि परत चुलीकडं बघायला लागली, तिला कळलंही नाही काय होणार होतं ते. मी खाली उतरलो तर माझे पाय लटलट कापत होते. सीटखाली तेलाचा कॅन होता, तो ओतला आणि कसाबसा ट्रॅक्टर बाजूला घेतला. घरी आल्यावर आण्णांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरची किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "ह्ये निस्तरल्याबिगर गाडी हालवायची न्हाई."

आता असं नव्हतं की आम्ही काही केलंच नव्हतं. त्याआधी वर्षभरात सिलेंडरचं सील, म्हणजे रॉडच्या कडेनं तेल बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली रबराची रिंग, तीनदा बदललेलं होतं. पहिलं सहा महिने चाललं, दुसरं दोन महिने, तिसरं अकरा दिवस. दरवेळी ज्यानं बदललं तो म्हणायचा सील फाटलंय, नवीन टाकलंय, आता बघायला नको. आणि तो खोटं बोलत नव्हता, सील खरंच फाटलेलं असायचं, काढलेलं सील मी बघितलंय, ओठावर, म्हणजे रॉडला टेकणाऱ्या कडेवर बारीक बारीक चिरा. पण का फाटतंय हे कुणी विचारलं नाही, मी पण नाही विचारलं, हंगाम चालू असताना सकाळी गाडी पायजे एवढंच डोक्यात असतं.

मग थोरल्या आत्याचा मुलगा, आमचा दादा, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत फिटर आहे, त्याला रविवारी बोलावून घेतलं. तो आला, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, डबा बघितला आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की मी गप्पच झालो.

"डब्यात रोज किती पडतंय?"

"अर्धी वाटी."

"आणि टाकीत किती घालायलायस?"

"दिवसभर शेतात चालला तर पाऊण लिटर."

"आरं मर्दा, मग बाकीचं कुठं चाललंय?"

हा हिशेब आमच्या घरात कुणीच घातला नव्हता. डब्यात पडणारं डोळ्यांना दिसत होतं म्हणून तेच गळतंय असं सगळ्यांनी धरलं होतं. दादा म्हणाला, गळती म्हणजे एकच जागा असती असं नसतं, आणि जी दिसती तीच मोठी असती असं पण नसतं. स्टेअरिंगचं तेल जायच्या जागा त्यानं बोटावर मोजून सांगितल्या. सिलेंडरच्या ग्लँडमधनं, म्हणजे रॉड बाहेर येतो त्या तोंडावरच्या टोपणातनं रॉडच्या कडेनं, होजच्या म्हणजे रबरी पाईपच्या प्रेस केलेल्या टोकातनं, पाईप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टच्या तांब्याच्या वायसरमधनं, ऑर्बिट्रोलच्या वरच्या सीलातनं म्हणजे मग ड्रायव्हरच्या पायाशी ओलं होतं, आणि एक न दिसणारी जागा, पंपाच्या शाफ्टचं सील. ज्या ट्रॅक्टरात पंप इंजिनच्या टायमिंग गिअरवर चालतो त्यात ते सील गेलं की तेल बाहेर येतच नाही, सरळ इंजिनात जातं. म्हणून त्यानं आधी इंजिनची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी काढून बघितली. तेल खुणेच्या वर असतं तर पंप उघडावा लागला असता. आमचं बरोबर खुणेवर होतं. पंप सुटला.

मग धुणं. अख्खा पुढचा भाग डिझेल आणि ब्रशनं धुतला, दोन वर्षांची तेलात भिजलेली माती खरवडून काढली, चिंध्यांनी कोरडा केला, आणि मग दादानं घरातनं अंगाला लावायची पावडर मागवली. बायकोनं विचारलं कशाला, म्हटलं ट्रॅक्टरला लावायचीय, तिनं डबा दिला आणि स्वतःच बघायला आली. सिलेंडर, चारी पाईपांची तोंडं, ऑर्बिट्रोलचा खालचा भाग, सगळ्यावर पावडर मारली, पांढराधोप केला. इंजिन चालू करून चक्र हळूहळू एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि पावडर कुठं ओली होती ते बघायचं. ह्यापेक्षा सोपी आणि खरी तपासणी मला तरी माहीत नाही.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू असताना गळती हातानं चाचपू नका. ह्या पाईपातला दाब वळताना १०० बारच्या वर सुद्धा जातो, मोटारसायकलच्या टायरात २ बारच्या आसपास हवा असते त्यावरनं अंदाज घ्या. होजला सुईएवढं भोक असेल तर त्यातनं निघालेली धार डोळ्याला दिसत नाही पण कातडीतनं आत शिरती. सुरुवातीला मुंगी चावल्यागत वाटतं, जखम टाचणीएवढी दिसती म्हणून माणूस हळद लावून घरी बसतो, आणि आतनं मांस सडायला लागतं. तसं काही झालंच तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचं तेल आत गेलंय असं डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, कारण वरनं जखम बघून त्यांनाही अंदाज यायचा नाही. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, तो ओला होतो की नाही ते बघा.

तर पावडरीनं काय दाखवलं? ऑर्बिट्रोल कोरडा. एका बॅन्जो बोल्टखाली पावडर पिवळी पडली, तेच तेल ठिबकून आण्णांच्या डब्यात जात होतं. आणि सिलेंडर? चाकं सरळ असताना कोरडा. डावीकडं पूर्ण वळवलं, कोरडा. उजवीकडं वळवत नेलं, अर्ध्यापर्यंत कोरडा, आणि अगदी शेवटाला रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर आला तेव्हा ग्लँडच्या तोंडातनं तेल भसकन आलं आणि रॉडवरनं ओघळलं. परत सरळ केलं की बंद.

म्हणून रस्त्यावर गळत नव्हता! रस्त्यावर कोण चाकं टोकापर्यंत वळवतंय. गळत होता शेतात, बांधाला प्रत्येक तासाला वळताना, आणि ते तेल मातीत पडून जात होतं, आम्हाला दिसणार कसं. त्या रात्री कारखान्याकडं निघायच्या आधी दिवसभर रोटर मारला होता, टाकी तळाला गेली होती आणि मी नुसता टायर आणि डिझेल बघून निघालो होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दादानं जाता जाता आतली गळती पण तपासली. सिलेंडरच्या आतल्या पिस्टनचं सील गेलं असेल तर बाहेर थेंब पडत नाही, पण चाकं टोकाला टेकल्यावरही चक्र हळूहळू फिरतच राहतं. आमचं तसं काही फार नव्हतं. पण सिलेंडर उघडणारच होतो, तर सगळ्या सीलांचं पूर्ण किटच टाकायचं ठरलं.

सिलेंडर काढायचं काम एका दुपारचं. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, पुढनं जॅक लावून एक्सेलखाली बाभळीचे ठोकळे, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. इंजिन बंद करून चक्र दोन्हीकडं चारदा हलवायचं म्हणजे पाईपातला दाब उतरतो. पाईप काढले की लगेच तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर, कारण ह्या सिस्टीमचा खरा वैरी माती आहे. दोन पाईप सारखेच दिसतात म्हणून एकाला लाल दोरा बांधून ठेवला, उलटे लागले तर चक्र उजवीकडं आणि चाकं डावीकडं. रॉड चाकाकडं जोडणाऱ्या बॉल जॉइंटनं निघायला लई त्रास दिला, दादानं दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकदम मारून तो सोडवला, आट्यांवर एकही घाव न घालता. त्याचा हात बघत राहावा असा चालतो.

ग्लँडला आटे होते, हुक पान्यानं फिरवून काढली, रॉड बाहेर ओढला आणि डिझेलनं पुसून उन्हात धरला. लांबनं बघितलं तर आरशासारखा. दादानं डोळे बारीक करून बघितलं, पिस्टनच्या बाजूला एक बोटभर रुंद पट्टा जरा मळकट दिसत होता, त्यात काळे काळे ठिपके, तीळ सांडल्यासारखे. "ह्ये बघ," म्हणाला, "पण माझ्याकडं ह्याला इलाज न्हाई. उद्यमनगरला चल."

सोमवारी रॉड पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर शिवाजी उद्यमनगरात गेलो. ज्यांना कोल्हापूर म्हणजे फक्त अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि कुस्ती एवढंच माहीत आहे त्यांनी एकदा उद्यमनगरातनं पायी फिरून बघावं. ऑईल इंजिनाच्या काळापासनं तिथं लेथ फिरतायत, एका गाळ्यात कुणी गिअर कापतंय, शेजारी कुणी बोअर होन करतंय, त्याच्या पलीकडं ग्राइंडिंग, आणि रस्त्यावर सगळीकडं कूलंटचा वास. एखादा भाग कंपनीत मिळत नाही म्हणून कुणी सांगितलं तर आमच्याकडचा माणूस घाबरत नाही, उद्यमनगरला जाऊन बघूया म्हणतो. मला ह्या जागेचा मनापासनं अभिमान आहे.

दादाच्या ओळखीचे एक मामा आहेत तिथं, वय सत्तरच्या पुढं, अजून स्वतः लेथवर उभे राहतात. त्यांनी रॉड हातात घेतला, चष्मा वर केला आणि अंगठ्याचं नख रॉडवरनं लांबीच्या दिशेनं फिरवलं. मळकट पट्ट्यावर नख टक्‌ करून अडलं. मग माझा हात धरून माझं नख फिरवायला लावलं.

"अडकलं?"

"व्हय."

"नख अडकतंय म्हंजे सील कापणारच. किती बदललीस?"

"तीन."

"सील बिचारं काय करंल त्यात. करवतीवरनं कापड वढल्यागत हाय ह्ये." मग रॉड खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पुराचं पाणी लागलं हुतं का गाडीला?"

मी एकदम काही बोललोच नाही. कारण लागलं होतं.

२०२१ चा जुलै. २०१९ ला ऑगस्टमधी पाणी आलं तेव्हा आम्ही ट्रॅक्टर आधीच वर नेला होता, पण २०२१ ला पाऊसच असा पडला की एका रात्रीत पंचगंगा पात्राबाहेर आली. आमचं गाव प्रयाग चिखलीच्या बाजूला, जिथं सगळ्या नद्या एक होतात. रात्री जनावरं सोडली, आईला आणि पोरांना पाव्हण्यांकडं पाठवलं, आणि शेवटी पहाटे ट्रॅक्टर शाळेच्या पटांगणात नेऊन लावला, कोपऱ्यात भिंतीला चिकटवून, चाकं उजवीकडं पूर्ण वळलेली तशीच सोडून पळालो. पटांगण उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही असं सगळे म्हणायचे. आलं. पुढच्या एक्सेलच्या वर चार दिवस होतं. ओसरल्यावर आम्ही इंजिनचं तेल बदललं, गिअरचं बदललं, डिझेलची टाकी धुतली, डायनामो, स्टार्टर सगळं उघडलं. स्टेअरिंगच्या सिलेंडरकडं कुणाचं लक्षच गेलं नाही, वरनं पाणी मारून गाळ धुतला तेवढाच.

मामांनी समजावून सांगितलं. रॉड वरनं चकचकीत दिसतो तो हार्ड क्रोममुळं, म्हणजे वरनं चढवलेल्या कडक धातूच्या मुलाम्यामुळं, आतनं पोलादच असतं. ते क्रोम कागदापेक्षा पातळ असतं आणि त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. चाकं पूर्ण वळलेली होती म्हणून रॉड पूर्ण बाहेर होता, ग्लँडच्या तोंडाशी पुराचा गाळ बसला आणि त्यानं ओल धरून ठेवली, पाणी भेगांतनं आत शिरलं आणि क्रोमच्या खाली गंज धरला. लगेच काही दिसत नाही. गंज आतल्या आत फुगत जातो, मग वर्ष-दोन वर्षांनी क्रोमची टवकं उडतात आणि तिथं काटे तयार होतात. तो पट्टा एरवी सिलेंडरच्या आत असतो, चाकं शेवटपर्यंत वळवली की सीलखालनं बाहेर येतो, आणि दर वळणाला सीलला एक चीर पाडतो. पुरानंतर पंपाचे शाफ्ट, मोटारींचे शाफ्ट असलेच कितीतरी आले म्हणाले.

म्हणजे बघा, पूर ओसरून अडीच वर्षं झाली होती, घराच्या भिंतीवरची पाण्याची खूण आम्ही रंग देऊन झाकली होती, पंचनामे, भरपाई सगळं जुनं झालं होतं, आणि ते पाणी अजून आमच्या ट्रॅक्टरात बसून होतं. त्या दिवशी येताना मी शिवाजी पुलावर गाडी थांबवून जरा वेळ नदीकडं बघत उभा राहिलो. फेब्रुवारीचं पाणी, खाली शांत, म्हशी बसलेल्या.

रॉडचं काम चार दिवसांचं होतं. जुनं क्रोम उतरवायचं, ग्राइंडिंगवर खड्डे जाईपर्यंत पोलाद घासायचं, मग जाड क्रोम चढवायचं आणि परत ग्राइंड करून मूळ मापाला आणायचं. आमचा रॉड २५ मिमीचा. चौदाशे रुपये झाले. नवीन सिलेंडर ह्याच्या कितीतरी पट महाग पडला असता, आणि नुसत्या पॉलिश पेपरनं घासून भागवलं असतं तर पाचवं सील घेऊन परत इथंच आलो असतो. पेपरनं घासायचा सल्ला आम्हाला दोघांनी दिला होता. पेपरनं काटे मोडतात पण खड्डा तसाच राहतो, आणि खड्ड्यात बसून तेल बाहेर येतच राहतं.

सील घेताना एक गोष्ट शिकलो. जुनं सील दुकानात नेऊन असलं द्या म्हणायचं नाही, जुनं सील तेलानं फुगलेलं असतं नाहीतर झिजलेलं, त्याचं माप खोटं. रॉडचं आणि सील बसायच्या खाचेचं माप व्हर्निअरनं, म्हणजे बारीक माप दाखवणाऱ्या पट्टीनं घ्यायचं, खाचेचा व्यास, खाचेची रुंदी, आणि ते कागदावर लिहून न्यायचं. किटमधी रॉडचं यू-सील, बाहेरचं वायपर, पिस्टनचं सील आणि ओरिंगा आल्या, चारशे वीस रुपये. वायपर म्हणजे रॉडवरची माती आत जाऊ नये म्हणून बाहेरच्या तोंडाला असतं ते. आमच्या जुन्या ग्लँडमधनं काढताना वायपर निघालंच नाही, म्हणजे आधी कधीतरी ते बसवायचंच राहून गेलं होतं. चिखलात चालणाऱ्या ट्रॅक्टरला वायपर नसणं म्हणजे घराला उंबरा नसल्यासारखं आहे, सगळं आत.

बसवायचं काम आम्ही घरात, सोप्यात, धुतलेल्या सुती कापडावर केलं. सील आधी तेलात भिजवून ठेवली. यू-सीलचा उघडा ओठ तेलाच्या बाजूला, म्हणजे दाब आला की ओठ फाकून रॉडला घट्ट बसतो, उलटं बसलं तर पहिल्याच वळणाला गळणार. वायपरचा ओठ बाहेर. सील हातानं बदामासारखं दुमडून खाचेत सोडायचं आणि बोटानं बसवायचं, स्क्रू ड्रायव्हर लावला की संपलं. रॉडच्या आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळली मग ग्लँड आत सरकवली, नाहीतर आट्यांची धार सीलला लागती. मला वाटतं आधीची काही सील तिथंच जखमी झाली असणार. बायकोनं टॉर्च धरली होती, ओठ कुठनं दुमडलाय का ते तिलाच पहिल्यांदा दिसलं, एका जागी दुमडला होता, परत काढून बसवला.

बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर आण्णांनी केले. नवीन आणतो म्हटलं तर नको म्हणाले. तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की टणक होतो आणि मग नीट बसत नाही, पण लालबुंद तापवून गार केला की परत मऊ पडतो. चुलीतल्या निखाऱ्यावर चारी वायसर ठेवले, लाल झाल्यावर चिमट्यानं पाण्यात टाकले, मग सपाट दगडावर पेपरनं घासून दिले. त्यांच्या वडलांकडनं शिकलेलं, विहिरीवरच्या इंजिनाचे असेच करायचे म्हणे. दोन होज मात्र नवीन केले, एक एक्सेलला घासून आतली तार दिसायला लागली होती.

मग तेल. ह्या दोन वर्षांत टाकीत जे हाताला लागेल ते गेलं होतं, लाल तेल, इंजिनचं तेल, आणि डब्यातलं तर रोजचंच. सगळं काढलं तर काळपट आणि खाली गाळ, टाकीतली जाळी काढली तर त्यात रबराचे बारीक तुकडे, तीन सीलांचे. ट्रॅक्टरच्या पुस्तकात जे तेल लिहिलंय तेच घालायचं, दुसरं नाही. आणि ब्रेक ऑईल तर चुकून पण नको, ते ह्या रबराला खातं, सील फुगून मऊ पडतात.

हवा काढायला संध्याकाळ झाली. पुढची चाकं ठोकळ्यावर अधांतरी ठेवलेलीच होती. टाकी भरून इंजिन आयडलला, आण्णा सीटवर, दादा सिलेंडरपाशी पुठ्ठा घेऊन, मी टाकीवर टॉर्च घेऊन. आण्णा चक्र सावकाश एका टोकाला न्यायचे आणि टोकाला दाबून न धरता लगेच परत फिरवायचे, कारण टोकाला धरून ठेवलं की रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, उघडतो आणि तेल तापतं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांना टाकीत ताकासारखा फेस, पातळी खाली जाईल तसं मी तेल घालत होतो. साधारण पंधराव्या फेरीला फेस बसला, तेल निवळ झालं आणि पंपाचा आवाज बदलला, तो रडका सूर गेला. आण्णांनी उजवीकडं पूर्ण वळवलं. दादानं पुठ्ठा रॉडखाली धरला. कोरडा. परत वळवलं. परत कोरडा. आण्णा वरनं म्हणाले, "काय हाय?" दादा म्हणाला, "काय न्हाई मामा, काय बी न्हाई," आणि आण्णांनी इंजिन बंद करून चक्रावर दोन्ही हात तसेच ठेवून दिले थोडा वेळ.

त्याला आता सहा महिने झाले. उरलेला हंगाम, उन्हाळ्यातली नांगरट, खोडव्याची भरणी, आडसालीच्या सऱ्या, सगळं झालं. टाकीत एकदाही तेल घातलेलं नाही. डबा अजून तिथंच आहे, आण्णा सकाळी बघतात आणि रिकामाच परत ठेवतात. काम संपलं की मी रॉडवरची माती ओल्या फडक्यानं पुसतो, कोरडा करतो आणि तेलाचं बोट फिरवतो, प्रेशरच्या पाण्याची धार ग्लँडवर मारू देत नाही.

आणि परवाच्या जुलैत पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं तेव्हा ४३ च्या धोका पातळीची वाट न बघता आम्ही जनावरं आणि ट्रॅक्टर हायवेच्या अंगाला नेले. मी ट्रॅक्टर लावून खाली उतरलो होतो. आण्णा छत्री घेऊन मागनं आले, परत वर चढले, इंजिन चालू केलं, चाकं डावीकडं पूर्ण वळवली, रॉड पुरता आत गेला का ते खाली वाकून बघितलं, आणि मगच किल्ली काढली.